कपाळावरचं पाणी

१० फेब्रुवारी

ताई,

पत्रास कारण असं की मला आज फार आनंद झालाय आणि तो तुला टोचल्याशिवाय पुरा होणार नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

आज बिशप हाऊसमधून लिफाफा आला, माझ्या नावाने, वॉर्डच्या पत्त्यावर. त्याच्यावरचा जाडजूड शिक्का बघून आमच्या नव्या नर्सना वाटलं, मला कसलासा पुरस्कार मिळाला. मीही दोन मिनिटं त्यांना तसं वाटू दिलं. आत काय आहे ते तुला ठाऊक असणारच. आपला चिमूट सव्वीस एप्रिलला धर्मगुरू होणार. त्याआधी त्याचे दाखले तपासताना तिथल्या फादरांना चर्चच्या जुन्या नोंदवहीत अर्धवट नोंद सापडली: ‘रुग्णालयात, जिवाला धोका असताना, नर्सच्या हस्ते बाप्तिस्मा.’ नर्सचं नाव लिहायचं राहून गेलेलं. आता त्या नर्सने शपथेवर लिहून द्यायचंय की होय, या बाळाला बाप्तिस्मा मीच दिला.

ती नर्स कोण, ताई?

बारा वर्षं तू घरात माझं नाव काढू दिलं नाहीस. आणि आता तुझ्या लेकाच्या डोक्यावर हात ठेवायच्या आधी खुद्द बिशपना माझ्या सहीसाठी थांबावं लागतंय. सकाळपासून ते पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचताना त्याच्यावर चहा सांडला.

अठ्ठावीस वर्षं झाली. सातव्या महिन्यात आलेला, अकराशे ग्रॅमचा जीव. मीच त्याला चिमूट म्हणायला लागले आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. परवा वॉर्डात मला भेटायला आला तर दारातून वाकून आत यावं लागलं त्याला. नव्या नर्स बघतच राहिल्या. मी म्हटलं, पोरींनो, कामं करा, हा गडी चर्चने आधीच पळवलाय.

फॉर्म छोटाच आहे. पाणी कुठलं, कुठे ओतलं, शब्द कोणते, असलं काहीबाही. दहा मिनिटांचं काम. उद्या दुपारी भरून टाकते.

भावोजींना नमस्कार. तुझी खुशाली विचारत नाही, तू कळवणार नाहीस.

मानलंस तर तुझी,
धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

फॉर्म अजून भरलेला नाही. तुला दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगते.

या आठवड्यात वॉर्डात तीन जुळी आली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या एका काचपेटीचा दिवा बिघडला. बाहेरच्यांना वाटतं, इन्चार्ज सिस्टर म्हणजे खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. काल चिमूटचा फोन आला, “मावशी, शिक्केवाले फादर विचारत होते.” बिशप हाऊसमधल्या त्या कागदपत्रांच्या फादरांना सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकणारी मुलं शिक्केवाले फादर म्हणतात म्हणे. मी त्याच्यावर खेकसले. तो म्हणाला, बरं, सावकाश भर. त्याचं ते ‘सावकाश’ मला दिवसभर बोचत राहिलं.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी पेन्सिलने लिहून काढली. पाणी कुठलं? उकळून गार केलेलं, वॉर्डातल्या किटलीतलं. कुठे ओतलं? डोक्यावर. शब्द कोणते? पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. हे सगळं आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या तासाला घोकलंय. बाळाचा जीव जायची वेळ आली तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. फादर लागत नाहीत, देणारा ख्रिस्ती असायलाही लागत नाही. पाणी हवं, शब्द हवेत, आणि चर्च जे करतं तेच करायची इच्छा हवी. तू तर तुझ्या बाहुलीला इतक्या वेळा बाप्तिस्मा दिलास की तिचे केस गेले.

चौथा प्रश्न असा आहे: ज्या व्यक्तीने पाणी ओतलं त्याच व्यक्तीने शब्द उच्चारले का?

तिथे पेन्सिलीचं टोक मोडलं. खरंच मोडलं, गोष्ट रचून सांगत नाही.

ताई, एक विचारू? त्या दिवशी तुझी गुंगी उतरल्यावर मी तुला काय सांगितलं ते आठवतं का? मी माझंच कौतुक सांगितलं, की नुसतं बाळाचं काम झालं एवढंच?

जाऊ दे. तू कुठे उत्तर देणार आहेस.

धाकटी

२४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड. उद्या मी शिक्केवाल्या फादरांकडे जाणार आहे आणि तिथे जे सांगणार आहे ते तुला आधी कळायला हवं.

त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, तासभर धरून चला. तू ऑपरेशन होऊन बेशुद्ध पडलेली, भावोजी रक्ताची बाटली आणायला धावलेले. मी चोवीस वर्षांची, नोकरीला लागून आठ महिने झालेले. वॉर्डात मी, काचपेटीत चिमूट, आणि फरशी पुसणारी आयाबाई. मी किटलीतलं पाणी वाटीत घेतलं, काचपेटीची खिडकी उघडली, वाटी त्याच्या डोक्यावर धरली. आणि माझी वाचाच बसली. शब्द पाठ होते गं. तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता. हात मात्र कलंडला आणि पाणी पडलं.

शब्द माझ्या पाठीमागून आले. आयाबाईने म्हटले. आपल्या धर्माची नसलेल्या, हातात ओलं फडकं धरलेल्या आयाबाईने, एकही शब्द न चुकता. आमच्या वॉर्डच्या आधीच्या मोठ्या सिस्टर मठातल्या होत्या. त्यांच्या हाताखाली आयाबाईने वीस वर्षं काढली होती आणि ते शब्द त्यांच्या तोंडून किती बाळांवर ऐकले होते कोण जाणे.

मी वाटी ठेवली आणि बाहेर पळाले. बाहेर बाकावर आई बसली होती. तिला म्हटलं, “मी बाप्तिस्मा दिला.” तेव्हा आवाज छान निघाला. यात काही चुकलंय असं मला वाटलंसुद्धा नाही. पाणी पडलं, शब्द पडले, काम झालं. ऐन वेळी माझी बोबडी वळली हे कुणाला कळू नये, एवढीच काळजी होती. चिमूट त्या तासात गेला नाही, पुढच्याही तासात गेला नाही, आणि घरात माझा भाव वधारला. काही महिन्यांनी चर्चमध्ये उरलेले विधी झाले तेव्हा आपल्या म्हाताऱ्या फादरांनी पाणी पुन्हा ओतलं नाही. बाप्तिस्मा दोनदा देत नाहीत, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही डोलावली.

दोन वर्षांपूर्वी रुग्णालयाचे फादर नव्या नर्सना हेच शिकवायला आले होते. मी मागे बसून हजेरी लिहीत होते. ते म्हणाले, ओतणारा एक आणि बोलणारा दुसरा असेल तर तो बाप्तिस्मा होतच नाही. निम्मा याचा, निम्मा त्याचा असा संस्कार नसतो. ताई, माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाप्तिस्मा नाही तर त्याच्यावर रचलेलं काहीच नाही. मोठेपणी श्रद्धा पक्की करायचं दृढीकरण नाही, पुढची दीक्षा नाही. बिशपनी हात ठेवले तरी तो धर्मगुरू होणार नाही. तो मिस्सा करेल आणि वेदीवरची भाकर नुसती भाकरच राहील, ख्रिस्ताचं शरीर होणार नाही. मरायला टेकलेलं कुणी त्याच्याजवळ पाप कबूल करेल, क्षमा मिळाली असं समजून डोळे मिटेल, आणि मिळालेली नसेल. हे सगळ्या जगात एकट्या मला ठाऊक असेल.

तरी दोन वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. कारण माझ्याकडे तो एकच दागिना होता. लग्न नाही, लेकरू नाही. चिमूटचा बाप्तिस्मा ही एकच गोष्ट लोक माझ्याबद्दल कौतुकाने सांगायचे. त्याच तोऱ्यात मी बारा वर्षांपूर्वी त्याच्या दृढीकरणाच्या जेवणाला बोलले. एकुलता एक मुलगा सेमिनरीत पाठवायला तुझा जीव होत नव्हता, आणि मी तीस माणसांसमोर तुला म्हटलं, “त्याच्यावर पहिला हक्क माझा आहे. मी त्याला देवाच्या हाती दिलं तेव्हा तू शुद्धीतसुद्धा नव्हतीस.”

ज्या गोष्टीच्या जोरावर मी तुला चारचौघांत खाली पाहायला लावलं, ती मी केलीच नव्हती. माझं चुकलं, ताई. आणि ती केली असती तरी ते बोलणं चुकीचंच होतं.

उद्या मी त्या हक्कावर पाणी सोडून येते.

धाकटी

६ मार्च

ताई,

सांगितलं. चिमूटला शेजारी बसवून सांगितलं. शिक्केवाल्या फादरांच्या टेबलावर खरोखरच सात शिक्के आहेत. माझं बोलणं संपेपर्यंत मी त्या शिक्क्यांकडेच बघत होते.

फादर रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. त्यांनी शांतपणे समजावलं. आयाबाई जिवंत असेल तर तिला शोधा, ती काय सांगते ते ऐकू. तिनेही असंच सांगितलं तर मुलाला पहिल्यापासून सगळं घ्यावं लागेल. आधी बाप्तिस्मा, मग दृढीकरण, मग आजवर मिळालेली दीक्षा पुन्हा. त्याला वेळ लागतो. सव्वीस एप्रिल विसरा, ते म्हणाले, वर्षही लागू शकेल.

बाहेर पडून आम्ही पायऱ्या उतरलो. मी मनात तयारी केली होती. तो ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. खाली आल्यावर चिमूट म्हणाला, “म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी चर्चच्या दाराबाहेरच उभा आहे की काय, मावशी?” आणि हसला. तुझंच हसू आहे ते, आधी डोळे बारीक होतात.

मी म्हटलं, मला माफ कर, मी गप्प बसले असते तर तुझी तारीख टळली नसती. तो म्हणाला, “मी ‘बहुतेक’वर उभा राहणार नाही. लोक माझ्याकडे मरताना येणार आहेत.” मग माझी पर्स माझ्या हातातून घेऊन, लहानपणी घ्यायचा तशी, म्हणाला, “आणि त्या दिवशी अडकलेला तुझा आवाज आज निघाला. मी ऐकला.”

मी सायकल स्टँडवर उभी राहून रडले. रखवालदाराने विचारलं, बाई, सायकल चोरीला गेली का. चिमूटने त्याला सांगितलं, नाही, सापडली.

चिमूटकडून कळलं की माझं पत्र तू वाचलंस. काय म्हणाली आई, विचारलं तर म्हणाला, आई ऐकत होती. तू ऐकतेयस एवढं मला सध्या पुरे आहे.

आयाबाईचा पत्ता रुग्णालयाच्या जुन्या रजिस्टरात शोधायला सांगितलाय.

धाकटी

१५ मार्च

ताई,

हे पत्र खाली बसून वाच.

आयाबाई सापडली. रुग्णालयापासून चालत वीस मिनिटांवर, मुलीच्या इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत राहते. जिला गाठायची मला इतकी वर्षं हिंमत झाली नाही, ती वीस मिनिटांवर बसून शर्टांना बटणं लावत होती. पंचाहत्तरीच्या पुढे गेलीय, पण सुईत दोरा स्वतः ओवते. मला बघताच म्हणाली, “धाकट्या सिस्टर, केस पांढरे केलेत की.” मग चिमूटकडे पायापासून वरपर्यंत बघत गेली, त्याला जरा वेळ लागतो. “हा तो? काचपेटीतला?”

आम्ही एवढंच विचारायला गेलो होतो की ते शब्द तिनेच म्हटले ना. ती म्हणाली, हो, तुमचा आवाज निघेना म्हणून मी म्हटले. मी मान खाली घातली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर पक्कं झालं, सव्वीस एप्रिल गेली. तेवढ्यात ती म्हणाली, “पण ते काही चालण्यासारखं नव्हतं. म्हणून तर मी पुन्हा केलं.”

पुढे इस्त्री करणाऱ्या मुलीचा हात थांबला. चिमूट खाटेच्या कडेवर बसला.

झालं असं होतं. मी बाहेर पळाल्यावर तिने काचपेटीत डोकावून बघितलं. चिमूटच्या डोक्यावर कापसाचं अस्तर लावलेली टोपी होती, पार भुवयांपर्यंत ओढलेली. मी घाईत ती काढलीच नव्हती. सगळं पाणी टोपीने पिऊन टाकलं होतं, कपाळ कोरडं ठणठणीत. म्हणजे माझा आवाज निघाला असता तरी बाप्तिस्मा झाला नसता! मोठ्या सिस्टर आयाबाईला नेहमी सांगायच्या, मी नसेन आणि बाळ जाणारं असेल तर तू हे करायचंस. पाणी कातडीवरून वाहिलं पाहिजे, आणि जो ओतेल त्यानेच बोललं पाहिजे. त्या दुपारी मोठ्या सिस्टरना जाऊन एक वर्ष झालं होतं.

“मग मी साबणाने हात धुतले,” आयाबाई म्हणाली. “ओली टोपी काढली. किटलीतलं पाणी हातात धरून कोमट होऊ दिलं. त्याच्या कपाळावर तीनदा सोडलं आणि सिस्टरांचे शब्द म्हटले. लगेच डोकं पुसलं. ओलं ठेवलं असतं तर गारठला असता. दुसरी टोपी मिळेना. हिचा शाळेचा मोजा धुऊन हीटरवर वाळत टाकला होता, तोच घातला डोक्यावर. हिरवा होता. चांगला गरम झाला होता.”

“तरीच,” मुलगी म्हणाली. “एका मोज्यावर शाळेत गेले म्हणून बाईंनी तासभर उभं केलं होतं मला.” अठ्ठावीस वर्षांनी तिला त्या मोज्याचा पत्ता लागला.

मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? तर म्हणाली, आयांनी काचपेटी उघडायची नसते, नोकरीवर गदा आली असती. हीटरवर मोजे वाळवायलाही बंदी होती. आणि मग अगदी सहज, दोरा तोडता तोडता, “तुम्ही बाहेर इतक्या आनंदाने सांगत होता. बाळाचं काम झालं होतं. कुणी केलं याच्याशी बाळाला काय करायचंय?”

आज सकाळी ती बिशप हाऊसमध्ये येऊन शपथेवर हेच बोलली. शिक्केवाल्या फादरांनी विचारलं, देवाला मानता? “माझ्या देवाला मानते. तुमच्याशी माझं भांडण नाही.” ते करताना तुमच्या मनात काय होतं? “मोठ्या सिस्टर जे करायच्या तेच करायचं होतं. दुसरं काय असणार?” फादरांनी पेन खाली ठेवलं. चिमूट नंतर म्हणाला, या एका उत्तरासाठी सेमिनरीत त्यांना अख्खं प्रकरण शिकावं लागतं.

पण ते शिक्केवाले फादर आहेत. म्हणाले, नियमाने एका भरवशाच्या साक्षीदाराचा शब्द पुरतो, आणि माझा या बाईंवर विश्वास बसलाय. तरी इतकी वर्षं गेलीत, बाई वयस्कर आहेत, मुलीने सांगितलं ते घरच्या माणसाचं सांगणं झालं. बाहेरून एखादा दुजोरा मिळाला तर मी बिशपपुढे ठाम उभा राहीन आणि तारीख हलणार नाही.

आणि मला भावोजींचा फोटो आठवला. त्या संध्याकाळी त्यांनी काचेतून एकच फोटो काढला होता, दुसरा काढायला मिळेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तू तो तुझ्या प्रार्थनापुस्तकात ठेवलास आणि कुणाला दाखवला नाहीस. मलाही नाही, चिमूटलाही नाही. मी त्या दिवशी तुझ्या उशाशी होते ती दुसऱ्या सकाळीच काचपेटीकडे गेले, तोवर कुणीतरी नवी टोपी घातली होती. असा फोटो आहे हे आयाबाईला माहीतही नाही.

ताई, मी हात जोडते. पुस्तक उघड. त्याच्या डोक्यावर काय आहे, एवढंच सांग. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, थेट फादरांना कळव. टोपी दिसत असेल तर टोपीच म्हण, उगाच माझ्यासाठी किंवा त्याच्यासाठी वेगळं काही म्हणू नकोस. खोट्यावर उभं राहून बघितलंय मी.

धाकटी

२२ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. बारा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून तसंच उजवीकडे पडायला आलेलं. मजकूर मला पाठ झालाय, तरी इथे उतरवते, म्हणजे माझ्या हाताने लिहिल्याचंही सुख मिळेल.

‘मोजा आहे. हिरवा. टाचेला रफू केलंय. माझ्या मुलाच्या डोक्यावर मोजा तू चढवलास असं समजून मी अठ्ठावीस वर्षं तुझ्यावर चिडले होते. फोटो घेऊन मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर ये.’

मी वॉर्डात ओरडले, ताई. मी, जी कुणाची चप्पल वाजली तरी डोळे वटारते ती मी. दोन बाळं उठली आणि एका आईने ओठांवर बोट ठेवून मला दटावलं. मग मी इस्त्रीच्या दुकानात पळत गेले, गणवेशातच. रफूचं नाव काढल्यावर मुलगी म्हणाली, टाच मीच फाडली होती, आईने मारून मग शिवली होती. आयाबाईने मान वर न करता विचारलं, मोजा परत मिळणार आहे का.

जिंकलो गं आपण. सगळेच्या सगळे जिंकलो.

मंगळवारी मी तासभर आधीच स्टेशनवर उभी असेन. माझे केस पांढरे झालेत, ओळखायला वेळ लावू नकोस.

तुझी,
धाकटी

२८ एप्रिल

ताई,

काल तू गाडीत बसलीस आणि मी घरी येऊन कागद काढला. बोलायचं ते सगळं बोलून झालंय, महिनाभर दुसरं केलं काय आपण. पण तुला लिहायची सवय लागली ती लागली.

शुक्रवारची गंमत तुला सांगायची राहिली. तू भावोजींची औषधं शोधत बसलीस तेव्हा मी चर्चच्या कचेरीत होते. शिक्केवाल्या फादरांनी स्वतः नोंदवही उघडली. ‘नर्सच्या हस्ते’ यावर सरळ रेघ मारली आणि बाजूला आयाबाईचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे कामाच्या रकान्यात ‘आया’. मग मला विचारलं, साक्षीदार म्हणून तुमचं नाव घालू का, त्या वेळी तुम्ही तिथे होता? मी म्हटलं, नाही फादर, त्या वेळी मी बाहेर बाकापाशी थापा मारत होते. त्यांनी शिक्का असा हाणला की दौत उडाली. माझं नाव त्या पानावर कुठेच नाही, आणि ते पान बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा त्या पहिल्या लिफाफ्याने झाला नव्हता.

शनिवारचं तू सगळं बघितलंस, तरी मी लिहिणार. पहिल्या रांगेत भावोजी, तू, आयाबाई आणि मी. चौघांचेही कपडे तिच्या मुलीने इस्त्री केलेले, आणि चिमूटचा पांढरा झगासुद्धा, त्याच्यावर एक सुरकुती शोधून दाखवावी कुणी. बिशपनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले तेव्हा अख्खं चर्च गप्प होतं. मी प्रार्थनेचे शब्द पुटपुटत होते आणि माझा आवाज निघत होता, तू माझ्याकडे बघितलंस म्हणजे तुला ऐकू आला असणार.

नव्या धर्मगुरूचा पहिला आशीर्वाद आईला असतो. तो तुझ्याकडे आला आणि तू त्याची बाही धरून त्याला पलीकडे वळवलंस. “आधी यांना.” बारा वर्षं मी तुझ्याबद्दल जे जे वाईट चिंतलं ते सगळं त्या क्षणी परत घेतलं. आयाबाईचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून तोच तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला, तरी तिच्या छातीपर्यंत आला. आशीर्वादासाठी हात उचलला तर तिचं लक्ष त्याच्या कपाळाकडे. दोन तासांच्या विधीने घामाने निथळत होता तो. तिने रुमाल काढला आणि अख्ख्या चर्चसमोर त्याचं कपाळ नीट पुसून काढलं, केसांपर्यंत. “ओलं ठेवू नये,” म्हणाली. मग म्हणाली, आता दे काय द्यायचं ते.

बिशपनी चष्मा काढला तो बराच वेळ घातला नाही.

आणि जेवणाच्या वेळी तू उभी राहिलीस. तेव्हा तीस माणसं होती, आता दोनशे. मी सवयीने मान खाली घातली. तू म्हणालीस, “ही माझी धाकटी बहीण. हिने खरं सांगितलं नसतं तर आज आपण सगळे चुकीच्या बाईचे आभार मानत बसलो असतो.” सगळे हसले, सगळ्यात मोठ्याने मी. हसणं थांबेपर्यंत तू वाट बघितलीस आणि पुढे म्हणालीस, “आणि हे मी पूर्ण शुद्धीत बोलतेय, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा.”

ताई, त्याला मी उत्तर दिलं नाही. तेव्हा खरंच आवाज निघत नव्हता.

फोटो आज वॉर्डात लावला, मोठा करून, काचपेट्यांसमोरच्या भिंतीवर. नव्या नर्स विचारतात, सिस्टर, याच्या डोक्यावर हे काय आहे? मी त्यांना बसवून घेते आणि पहिल्यापासून सांगते. आधी टोपी काढा, सांगते. जो ओतेल त्यानेच बोलायचं, सांगते. आणि मी वाटी धरून मुकी उभी राहिले ती जागा येते तिथे थांबत नाही, तेही सांगते.

तुझीच,
धाकटी